शिमशोनचा मलिदा

डिमोना, इस्रायल, १९५८. शनिवार रात्र, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस सुटल्यावर.

दातांत अजून मलिद्याचं खोबरं आहे आणि मी धुमसतोय. धाकट्या बहिणीचा, रिबकाचा नवरा शिमशोन उद्या सकाळच्या बसने हैफाला निघाला. तिथे विजेची उपकरणं बनवणाऱ्या नव्या कारखान्यात त्याला काम मिळालं, म्हणून आमच्या प्रेषिताच्या, एलियाहू हन्नबीच्या नावाने गोड पोह्यांचा हा मलिदा. मुंबईत रेडिओ जोडणारी त्याची बोटं इथे रस्त्याची खडी उचलत होती.

ताट समोर आलं आणि मी सुरूच झालो. बुद्धीचे कारखाने सगळे हैफा आणि तेल अवीवला, वाळवंटाच्या वाट्याला नुसती खाण आणि सूतगिरणी? आपण मुंबईहून आलेलेही एकेक करून निघालो, तर इथे मागायला उरणार कोण?

"दादा, भाषण उद्या चौकात कर. आधी आशीर्वाद म्हण, पोहे सुकतायत," रिबका म्हणाली.

शिमशोन हसलासुद्धा नाही. "भाऊ, कारखाना इथे आणा, मी पहिल्या बसने परत येतो. पण तोवर ही बोटं काम विसरतील."

उद्या चौकात कारखाना मागायला सभा आहे, तिथे मी त्यालाच पुढे उभा करणार होतो. पाहा, कारागीर इथे आहे, कारखाना कुठे आहे? तो राहावा असं मला कुणासाठी वाटत होतं? त्याच्यासाठी, की माझ्या भाषणासाठी? ती बोटं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मागणी खरी आहे, सोडणार नाही. पण आधी बसपाशी जाईन, त्याची हत्यारांची पेटी मीच वर चढवीन. मग रिकाम्या हातांनी चौकात उभा राहून विचारीन, कारखाना कुठे आहे?