झाकणाला काहीही लावू नये

मी, खाली सही करणारा, मोटारींच्या रंगकारखान्यातून निवृत्त झालेला पुट्टी-कारागीर, अविवाहित, डोके ठिकाणावर असताना आणि फुप्फुसे ठिकाणावर नसताना हे लिहून ठेवत आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही, गोड बोलून गुंडाळलेले नाही आणि श्वासाच्या औषधाचा फवारा वगळता काही पाजलेलेही नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे सांगत कोणी आलाच, तर त्याला खुर्ची न देता दारातूनच वाटेला लावावे.

वकिलांनी बजावले आहे की कलमे थोडक्यात लिहा, भावना मध्ये आणू नका. वकिलांना भाऊ नाही.

कलम पहिले : घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची पडवी असलेले हे राहते घर माझ्या स्वकष्टाचे असून त्यावर कोणाचा बोजा नाही. माझ्या मागे या घरात माझे थोरले बंधू तहहयात राहतील. यापुढे मी त्यांना दादा म्हणणार आहे आणि एकेरीतच लिहिणार आहे, कारण अहो-जाहो केले की तो कोणाबद्दल चालले आहे म्हणून मागे वळून बघतो.

दादाला या घरातून कोणीही, कोणत्याही कारणाने, त्याच्या भल्याचे नाव सांगूनसुद्धा, हलवू नये. त्याची खुर्ची खिडकीपाशी आहे ती तिथेच राहील. दादाच्या पश्चात घर माझ्या भाचीचे. ती बेकरीत काम करते आणि दुपारी येऊन आम्हा दोघांचे बघते. तिने इथे राहायला यावे. पुढची खोली तिची, कपाटातली माझी अडगळ तिने निःसंकोच फेकावी.

हे कलम पहिले का, तेही सांगतो. दादा तरुणपणी सैन्यात रणगाडा चालवायचा. लढाईवरून परत आला तो बोलणे तिकडेच ठेवून आला. आमची आई त्याला विचारून विचारून थकली आणि गेली. मी आजारी पडल्यापासून तर तो एक शब्दही बोललेला नाही. मागच्या महिन्यात भाचा आला, म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेची रंगीत पत्रिका घेऊन. तिथे बाग आहे म्हणे, नर्स आहेत म्हणे. मी म्हटले, दादाला हे घर सोडवणार नाही. तेव्हा भाचा दादाच्या समोर बसून म्हणाला, "मामा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मोठ्या मामांना कुठेही ठेवलं तरी त्यांना काय कळणार आहे?"

दादा खिडकीबाहेर बघत होता. मला तेव्हा इतकी धाप लागली की उत्तर देता आले नाही. हे मृत्युपत्र म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

कलम दुसरे : बँकेतील शिल्लक.

जी असेल ती भाचीच्या नावे, दादाच्या औषधपाण्यासाठी. उरली तर तिने स्वतःसाठी चांगली चप्पल घ्यावी. दिवसभर भट्टीपुढे उभी असते.

कलम तिसरे : भाचा.

भाच्याला मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. मला भाचा साक्षीदार म्हणून हवा आहे. त्याने समोर बसून हे सगळे पहिल्या ओळीपासून ऐकावे आणि खाली सही करावी. तो माणूस वाईट नाही. त्याला सगळे उरकायची घाई असते.

कलम चौथे : हत्यारे.

दातांवरचे कीटण खरवडायच्या जुन्या सळ्या, बोथट झालेल्या, आमच्या वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य डॉक्टरीणबाईंनी मला वेळोवेळी दिल्या. पुट्टीत वेल्डिंगची शिवण उठवायला यासारखे हत्यार दुकानात मिळत नाही. त्या सळ्या, केस आखूड कापलेले ब्रश, प्लॅस्टिक चिकटवायचा पातळ गोंद, थिनर, चाळण्या आणि पडवीतले टेबल भाचीला. कणीक मळणारा हात आहे तिचा, पुट्टी किती घट्ट झाली की थांबायचे ते तिला सांगावे लागत नाही. मला ते शिकायला कारखान्यात फोरमनच्या शिव्या खाव्या लागल्या.

तोंडावर बांधायचा मुखवटा नवा घ्यावा. माझा वापरू नये. मी तो बहुतेक वेळा खुंटीवरच ठेवला आणि त्याचे फळ भोगतो आहे.

कलम पाचवे : रणगाडा.

मी कारखान्यात जन्मभर ठोकरलेल्या मोटारींचे पत्रे गुळगुळीत करण्याचा पगार घेतला आणि घरी येऊन प्लॅस्टिकचा एक छोटा रणगाडा खडबडीत करत बसलो. लोक हसले. हसू देत. हा दादाच्याच रणगाड्याच्या जातीचा आहे, दोन्ही हातांत मावेल एवढा. दादाने काहीतरी बोलावे म्हणून मी तो सुट्या भागांत आणला होता.

जोडून त्याच्यापुढे ठेवला. दादाने बोट फिरवले आणि म्हणाला, "असा नव्हता."

"मग कसा होता?"

"हाताला लागायचा."

लढाईबद्दल तो अवाक्षर बोलायचा नाही. पण रणगाडा हाताला कसा लागायचा ते मात्र सांगायचा. तोफेचा फिरता बुरूज ओतीव लोखंडाचा, तो कसा पुरळ आल्यासारखा होता. मी प्लॅस्टिकवर पातळ गोंद लावून ते मऊ करायचो आणि आखूड ब्रशने टोचत राहायचो. दादा बोट फिरवायचा. "अजून." मी पुन्हा टोचायचो. वेल्डिंगच्या शिवणी पुट्टीच्या दोऱ्यांनी केल्या. सळीने दाबत गेलो तेव्हा तो म्हणाला, "इथे वेल्डर डावखुरा होता, शिवण उलटी पडलीय," आणि मी ती खरवडून उलटी केली. पाय घसरू नये म्हणून वरच्या भागाला वाळू मिसळलेला रंग असायचा. त्यासाठी गोंदावर खाण्याचा सोडा चाळला. दादाने बोट लावून मान हलवली. "ह्यानं गुडघा सोलणार नाही." मग सोड्याऐवजी वाळूच घातली, चाळलेली.

जाणकार सांगतील की हे चूक आहे. रणगाडा लहान केला की त्याचा खडबडीतपणाही त्याच हिशेबात लहान करावा लागतो, नाहीतर वाळूचा कण त्यावर धोंड्याएवढा दिसतो. डोळ्याचे खरे आहे. पण हात लहान होत नाही. मला डोळ्यांना नव्हे, दादाच्या बोटाला पटवायचे होते, आणि ते पटायला लागले तसतसा तो बोलायला लागला. असे करत वर्षे गेली. माझ्या आयुष्यातली तीच बरी वर्षे.

फक्त एक जागा राहिली. बुरुजावर तोफ डागणाऱ्याच्या डोक्यावरचे गोल झाकण. तो तोफची सतत काहीतरी गुणगुणायचा म्हणून सगळे त्याला गवई म्हणायचे, एवढे दादाने सांगितले होते. गवई परत आला नाही हे मला आईने सांगितले. मी झाकणाशी आलो की दादा हात मागे घ्यायचा आणि खिडकीकडे बघायचा. म्हणून झाकण खोक्यातून निघाले तसेच कोरे, गुळगुळीत राहिले आहे.

कलम सहावे : छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष.

यांना माझ्या मिळकतीतले काहीही, अगदी वापरलेला सँडपेपरही, मिळू नये. मी रणगाडा त्यांच्या प्रदर्शनात मांडला होता. त्यांनी भिंग लावून बघितले आणि चारचौघांत म्हणाले, "लेप मापाबाहेर आहे. आणि हे झाकण? कंटाळा आला वाटतं." शेजारच्या कार्डावर ‘काम अपुरे’ असे लिहून गेले. पहिली गोष्ट मी सोडून दिली. दुसरी मनात सलत राहिली, कारण ती मला खरी वाटत होती. ते माझ्या अंत्यविधीला आले तर येऊ द्यावे, पण त्यांना बोलायला उभे करू नये.

कलम सातवे : अपुरे काम.

माझ्या हाताने आता ब्रश धरवत नाही. म्हणून भाचीने माझ्या मागे त्या झाकणाला बाकीच्या वरच्या भागासारखाच वाळूचा लेप द्यावा, सुकू द्यावा, हिरवा रंग मारावा, कडेला थोडा गंज दाखवावा आणि रणगाडा पुरा करावा. पुरा झाल्यावर तो दादाच्या हाताशी खिडकीत ठेवावा. दादाने बोट लावून "अजून" म्हटले तर पुन्हा करावे. तो काहीच म्हणणार नाही, अशीच मला भीती आहे.

येथे हे मृत्युपत्र संपायचे होते. खालचे कलम आज, सह्यांसाठी माणसे जमल्यावर वाढवले आहे. मी सांगितले आणि डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतले.

कलम आठवे.

कलम सातवे रद्द समजावे. ते का रद्द केले हे लिहिणे भाग आहे.

आज दुपारी डॉक्टरीणबाई आणि भाचा पुढच्या खोलीत बसले होते. भाची दारात उभी होती. दादा त्याच्या खुर्चीत, पाठ आमच्याकडे. मला दम नसल्याने कागद डॉक्टरीणबाईंनी वाचला. भाचा कलम पहिल्याला मान खाली घालून बसला आणि तिसऱ्याला कसनुसे हसला. सातवे कलम वाचताना "झाकणाला वाळूचा लेप द्यावा" इथपर्यंत बाई आल्या आणि दादा उठला. माझ्या खाटेजवळच्या टेबलावर रणगाडा होता, तिथे आला. रणगाड्याच्या बुरुजावर त्याने आपला पंजा पालथा घातला आणि झाकण झाकून धरले.

"नको," म्हणाला.

मी विचारले, "दादा, मग कसं होतं ते?"

"असंच होतं. गुळगुळीत."

"वाळू नव्हती?"

"होती. मी काढली." मला वाटले आता पुन्हा खिडकीकडे बघणार. पण तो माझ्याकडे बघत होता. "गवई त्याच्यावर बसायचा संध्याकाळी. त्याची पँट फाटायची. मला म्हणाला, जरा घासून दे की रे. मी दिली घासून. कानशीनं. कडेपर्यंत. छान झालं म्हणाला."

भाची रडायला लागली होती. दादाला ते दिसले नसावे.

"रणगाडा पेटल्यावर मी पुढून बाहेर पडलो. वर चढलो. झाकण आतून अडकलेलं. तो आतून खांदा मारत होता, मी वरून उचलत होतो. हाताला तेल होतं माझ्या. बोटं घसरायची." त्याने बोटे रणगाड्याच्या झाकणाच्या कडेला लावली आणि उचलल्यासारखी केली. ती घसरली. पुन्हा लावली. पुन्हा घसरली. "वाळू असती तर पकड मिळाली असती," तो म्हणाला. "मिळाली असती ना रे?"

तो मला विचारत होता. जन्मभर पत्र्यावर हात फिरवलेल्या माणसाला विचारत होता. मला खोटे बोलायचे होते आणि जमले नाही. मी म्हटले, "हो दादा. मिळाली असती."

त्याने मान हलवली. ब्रशने टोचत असताना शेवटी बरोबर जमले की हलवायचा, तशीच. मग माझ्या खाटेच्या कडेला बसला आणि माझा हात धरून बसून राहिला. मला फार वाईट वाटले, आणि हेही लिहून घ्या बाई, की मला बरेही वाटले. इतकी वर्षे तो हे एकटा घेऊन बसला होता.

तरी या कलमान्वये असे ठरवतो की, रणगाड्याच्या झाकणाला कोणीही वाळू, पुट्टी, सोडा, रंग अथवा गंज लावू नये. काम अपुरे नाही. पहिल्या दिवसापासून तेवढी एकच जागा बरोबर होती. रणगाडा दादाचा, आणि दादा या घरात.

वर लिहिलेले सर्व मी वाचून घेतले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

स्थळ : राहत्या घरी, पुढची खोली.
दिनांक : वकिलांच्या शिक्क्यावर असेल तो.

(सही) मृत्युपत्र करणारा. हात थरथरल्यामुळे सही वाकडी आहे, इच्छा वाकडी नाही.

साक्षीदार पहिली : (सही) दंतवैद्य, वरचा मजला. यांनी माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार दुसरा : (सही) भाचा. मामांनी माझ्यादेखत सही केली. मोठे मामा बोलले तेव्हा मी समोर होतो. त्यांना सगळं कळतं.