लाल कोबी कुठी मिळते?

बेलटोला, ता. कुरखेडा
धुळवडीनंतरचा रविवार, २००५

परममित्र हरिदासभाऊ यांना,

हाफिजचा सलाम, आणि त्याच पाकिटात नमस्कारही (दोन्ही घातले तरी टपाल खातं तिकीट एकाचंच घेतं, ही त्यांची उदारता). वहिनींना रहमतबीचा सलाम, चिरंजीव धनराज आणि सूनबाईंना आशीर्वाद. तुमचे गुडघे कसे आहेत? बल्लारपूरच्या घराला जिना आहे असं तुम्ही लिहिलं होतं, तेव्हापासून मला त्या जिन्याचाच राग येतो. माझं म्हणाल तर उजवा डोळा ठीक आहे, डाव्यात मोतीबिंदू उतरला आहे. त्यामुळे अर्धं जग मला आपोआप कवितेसारखं धूसर दिसतं आणि उरलेलं अर्धं जसं आहे तसं. रहमतबी बहुतेक उजव्या बाजूलाच उभी असते.

तुमचं पत्र पोचलं. प्रकृतीबद्दल एक ओळ आणि बाकी सगळा उपदेश, म्हणजे प्रकृती उत्तम आहे असं मी धरून चालतो. तुम्ही लिहिलं की विज्ञानाचे तास रिकामे जातात म्हणून रडत बसू नका. धनराजच्या कंप्युटरवर तुम्ही स्वतः पाहिलं, विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी जगभरच्या लोकांनी विज्ञान फुकट मांडून ठेवलं आहे. कुरखेड्याला जा, इंटरनेटवर शोधा, आता तुमच्या-माझ्यासारख्या मास्तरांची गरज संपली. शेवटचं वाक्य तुम्ही जरा दाबून लिहिलं होतं, शाई मागच्या बाजूला उतरली होती. मी ते दोनदा वाचलं आणि मुकाट्याने सायकल काढली. कारण रडण्याची वेळ खरंच आली होती. तुम्ही निवृत्त होऊन लेकाकडे गेलात, तुमच्या जागी आलेले तरुण सर दिवाळीला बदली घेऊन गेले (गावात त्यांना करमलं नाही म्हणे, ज्याला पळस दिसत नाही त्याला कुठेही करमणार नाही, पण ते असो), आणि लटारूजींनी, आपल्या मुख्याध्यापकांनी, विज्ञानाचे तास माझ्या गळ्यात घातले. मी म्हटलं, लटारूजी, मी जन्मभर मराठी शिकवलं. ते म्हणाले, "विज्ञानाचं पुस्तकबी मराठीतच आहे नं, सर!" मग त्यांनी आवाज खाली करून खरी गोष्ट सांगितली. जूनपर्यंत विज्ञानाचा माणूस उभा झाला नाही तर दहावीचा वर्ग बंद, पोरांनी कुरखेड्याला जायचं. पोरं सायकली हाणत जातील. पोरी जंगलातल्या रस्त्याने जाणार नाहीत. त्या घरीच राहतील, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांची लग्नं होतील. हे लटारूजी बोलले नाहीत. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तर कुरखेडा. तिथे माझ्या बहिणीच्या अजीमने (तुमच्या हातून विज्ञानात सलग नापास झालेला तोच) टेलिफोनच्या बूथमध्ये कंप्युटर ठेवला आहे. त्यावर फुलाफुलांचं कापड, आणि आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. मी अदबीने काढल्या. अजीमने तार जोडली तशी आतून अशी किंकाळी आली की जणू सगळा वर्ग एकदम वेगवेगळे पाढे म्हणायला लागावा. मग पडद्यावर एक रिकामी चौकट आली आणि अजीम म्हणाला, "मामू, काय पाहिजे ते यात लिवा." आता काही मागायचं म्हटल्यावर माणूस रीतीने मागणार की नाही? मी इंग्रजी अक्षरांत, एकेक कळ शोधत, लिहायला घेतलं: माननीय महोदय, विनंती विशेष, आमच्या शाळेत विज्ञान शिक्षक नसल्याकारणाने... अजीम कपाळाला हात लावून म्हणाला, "मामू, तो अर्ज नाई घेत! दोन शब्द टाका अन् बाजूले व्हा." दोन शब्दांत मला आजवर चहासुद्धा मागता आलेला नाही. पण टाकले, आणि भाऊ, तुमचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. काय नव्हतं तिथे! बेडकाचं काळीज, चंद्रावरचे खड्डे, वाटाण्याच्या वेलीचा संसार. एका ठिकाणी कळी उमलण्याचा सिनेमा होता. तो वरून खाली एकेक रेघ उतरत होता. पाकळीचा लाल काठ आला, हिरवी वाटी आली, देठ दिसू लागलं आणि गावाची लाइन गेली. न उमलता कोमेजलेल्या कळ्यांवर मी जन्मभर पोरांकडून निबंध लिहून घेतले, प्रत्यक्ष पाहिली ती पहिल्यांदा अजीमच्या बूथमध्ये. एकंदरीत मला ते सगळं मोठ्या लग्नाच्या पंगतीसारखं वाटलं. स्वयंपाक झालेला, वासाने जीव कासावीस, पानं मांडलेली, आणि वाढपी कुठेच नाही.

तरी लाइन आल्यावर मी एक पान छापून घेतलंच, खास शिक्षकांसाठी लिहिलेलं. कोण्या दूरदेशीच्या बाईंनी लिहिलं होतं की लाल कोबी उकळा, त्या पाण्यात आंबट टाकलं की एक रंग, आम्लारी टाकली की दुसरा, मुलं हरखून जातील. खाली एक ओळ होती, ती मी शब्दकोश घेऊन लावली. "उत्तर आधी सांगू नका. मुलांना अंदाज करू द्या, आणि त्यांचा अंदाज चुकला तर हसू नका." ही ओळ मला कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली. कुठे, ते पुढे सांगतो. आधी कोबी. कुरखेड्याच्या बाजारात मी बापूराव भाजीवाल्याला विचारलं, लाल कोबी आहे का? तो म्हणाला, "कोबी अन् लाल?" मी म्हटलं, हो. त्याने शेजारच्या बाईला हाक मारली, "अवं, मास्तरले लाल कोबी पाहिजे!" ती म्हणाली, "टमाटर द्या त्याहीले, चष्मा जुना झाला असंल." सगळी ओळ हसली. पुढच्या बाजारात मी दिसलो की लोक आपणहून सांगू लागले, "मास्तर, आजबी लाल नाई आली!" आता गावात माझी ओळख कवितेचे मास्तर अशी राहिलेली नाही. काय झाली आहे ते तुम्ही ओळखलंच असेल.

कोबी मिळेना, तेव्हा मी माझ्या जुन्या हत्याराकडे वळलो. धडा पद्यात बसवला:

आम्लाची ती चव आंबट, आम्लारीची कडू,
लिटमस झाला लाल तरी बाळांनो नका रडू.

(दुसऱ्या ओळीत लय जरा लंगडते, पण रसायनशास्त्राने मला यमकात फारशी मदत केली नाही.) पोरं काय झकास म्हणत होती! लटारूजी ऑफिसातून डोकं हलवत होते. तेवढ्यात बिरजू मडावीची रंजीता उठली. तिला तुम्ही पाहिलं आहे, पाचवीत असताना तुमच्या भिंगाने तिने पंचायतीच्या नोटिशीचा कोपरा जाळला होता. म्हणाली, "सर, पण आम्ल म्हंजे काय?" मी कविता पुन्हा म्हणून दाखवली. ती म्हणाली, "ते समजलं सर. पण म्हंजे काय?" हरिदासभाऊ, मी इतकी वर्षं वर्गात उभा राहिलो, पण दोन वेळा तेच म्हणून दाखवण्याची पाळी माझ्यावर आली नव्हती. कवितेत कोणी "म्हणजे काय" विचारलं तर खिडकीबाहेर पाहिलं तरी चालतं, पोरांना तेच उत्तर वाटतं. इथे मी खिडकीबाहेर पाहिलं तर तीही पाहू लागली आणि म्हणाली, "तिथी तं काईच नाई."

आता होळीची गोष्ट. पोरांनी शाळेमागे पळसाची फुलं गोळा करून मोठ्या गंजात उकळायला ठेवली होती. मी जवळ उभा होतो, म्हणजे आठवणीत उभा होतो. पळस पाहिला की मला वर्गातल्या सगळ्या कविता एकदम आठवतात आणि कोणतीच धड पूर्ण आठवत नाही. अशा वेळी हात आपोआप तंबाखूकडे जातो. डबी उघडली, चुना बोटावर घेतला, आणि कोणती तरी ओळ सापडली म्हणून हात वर उचलला तर डबी चुन्यासकट गंजात! पिवळं पाणी माझ्या डोळ्यांदेखत तांबडंलाल होत गेलं. मी ओरडलो, अरे, हीच ती कोबी! पोरं माझ्याकडे पाहू लागली. रंजीता म्हणाली, "सर, हे तं आमी दर होळीले करतो. चुना टाकल्याबिगर रंग कुठी चढते?" सगळे हसले, मीही हसलो. पण आता ते बाईंचं पान माझ्या अंगात संचारलं होतं. मी म्हटलं, चिंच टाकली तर काय होईल? अंदाज सांगा, मी सांगणार नाही. (मला ठाऊकच नव्हतं, पण तेवढं बोलणं मी टाळलं.) कोणी म्हणे काळं होईल, कोणी म्हणे आंबट रंग होईल. रंजीताने लाल पाणी वाटीत घेतलं आणि चिंचेचा कोळ थोडा थोडा सोडला. लाली विरत गेली, पाणी पुन्हा पिवळं झालं. मग तिने चुना टाकला, लाल. पुन्हा चिंच, पिवळं. होळीच्या दिवशी, हातात रंग असताना, सगळा वर्ग गप्प उभा होता. मी इतक्या वर्षांत एवढी शांतता फक्त निकालाच्या दिवशी पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अजीमकडे. हे का होतं, ते मला हवं होतं. चौकटीत इंग्रजी अक्षरांत पळस लिहिलं. यंत्राने मलाच उलट विचारलं, तुम्हाला पॅलेस म्हणायचं आहे का? आणि मी काही बोलायच्या आत राजवाडे दाखवले. एकाहून एक, कारंजी, हत्ती, झुंबरं. अजीम खूश झाला, "मामू, काय मस्त आहे! छापू का?" इंग्रजी नाव मला येत नव्हतं, शास्त्रीय नाव तुम्हाला येतं. यंत्राचा दोष नाही म्हणा. ज्याच्या अंगणात पळस नाही त्याला पळस कोण सांगणार? तुमचं म्हणणं मी अजूनही खोडत नाही. ज्ञानाचा तो साठा खरा आहे, फुकट आहे, आणि बेलटोल्यातल्या पोरांसाठी त्याचं दार उघडं आहे हे पाहून माझे डोळे (दोन्ही) भरून आले.

सायकलवरून परतताना मात्र बाईंच्या पानावरची ती ओळ कुठे ऐकली होती ते आठवलं. आपल्या वर्गांच्या मधोमध बांबूची तट्टी होती. माझा तास तुमच्या पोरांना ऐकू जायचा आणि तुमचा माझ्या. तुमचा एक विद्यार्थी परीक्षेत बाष्पीभवनाची व्याख्या लिहिता लिहिता "आणि मेघ उदास झाला" लिहून गेला होता, आणि तुम्ही तो पेपर तट्टीवरून माझ्याकडे फेकला होता. त्याच तट्टीतून मी वर्षानुवर्षं तुमचा आवाज ऐकला, "आधी अंदाज सांगा रे. हसू नका त्याले. चुकला तं चुकला." त्या बाईंनी ते पानभर मांडलं आहे. तुम्ही खडूच्या तुकड्यावर भागवत होता.

असो. तुमचा सल्ला पाळला, त्याचा वृत्तांत कळवणं माझं काम होतं, ते केलं. मागणं काही नाही. वहिनींना सांगा, मोहाच्या फुलांचे लाडू रहमतबी पाठवणार आहे. थोरांना आदर, लहानांना लाड, आणि तुमच्या गुडघ्यांना माझा खास सलाम.

तुमचा,
हाफिज मास्तर

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं, ते शाई वाळल्यावर खोटं वाटू लागलं. जूनपासून दहावीच्या विज्ञानासाठी तुम्ही या. आमच्या घराला जिना नाही. पुढची खोली रिकामी आहे, तिला दार आणि खिडकी दोन्ही आहेत.

ता. क. २. लटारूजींना मी सांगितलं आहे की तुम्ही कबूल झालात. त्यांनी तसं वरती कळवलंही. तेव्हा आता तुम्ही नाही म्हणालात तर या वयात आपण दोघेही खोटे ठरू.

ता. क. ३. रहमतबीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, "खरं लिवा. पोरायचं नाव काऊन पुढं करता? तुमालेच करमत नाई." हे तिच्या आग्रहावरून लिहिलं आहे. त्यात तथ्य आहे की नाही यावर मी खिडकीबाहेर पाहतो आहे.

ता. क. ४. पाकीट बंद करता करता रंजीता दारात आली. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत देतो: "सर, चिंच टाकली का लाल रंग जाते. पाणी तं तेवढंच राहते. मंग तो लाल रंग जाते कुठी?" मी तिला म्हटलं, हरिदास सरांना माहीत आहे. आता ती रोज विचारेल, आले का?

उत्तर पत्राने पाठवू नये.