फाटकातली जीप

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून संयम. जुनी जीप रिस्टोअर करणं म्हणजे तपश्चर्या, हे घरच्यांना कळत नाही. जीप सासऱ्यांची. पंचवीस तारखेला ते मेहुण्याकडे कायमचे राहायला जाणार. त्याआधी त्यांना स्वतःच्या जीपमधून, स्वतः चालवत, तलावापर्यंत एक फेरी मारायची आहे. मी शब्द दिलाय. आठवड्याचं काम.

त्याच दिवशी, दुपारी
ट्रायल घेतली. फाटकापर्यंत झकास. तिथे पुढचं डावं चाक खडखडलं. उजेड चांगला होता म्हणून चाक तिथेच काढलं. आतला हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसतं तो भाग, गेलाय. जीप आता ठोकळ्यावर. बंपर फाटकाला टेकायच्या बेतात, त्यामुळे आत उघडणारं फाटक वीतभरच उघडतं. मागे बायकोची कार अडकली. ती म्हणाली, चार माणसं बोलवा आणि उचलून मागे सरकवा. असल्या धसमुसळेपणाने चासी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, पिळवटते. तिला शांतपणे समजावलं. ती बसने गेली.

४ फेब्रुवारी
पार्ट्सच्या कंपनीला फोन. कस्टमर केअरच्या मॅडम गोड बोलतात, पण ज्ञान बेताचं. म्हणाल्या, या मॉडेलला तीन प्रकारचे हब यायचे, जुन्या हबवर कोरलेला नंबर वाचून सांगा.

नंबर नाही. म्हणजे होता. काल संध्याकाळी मी हब वायरब्रशने घासला, ग्राइंडर फिरवला, वर काळ्या रंगाचे तीन हात मारले. मोडका असला म्हणून काय झालं, शिस्त म्हणजे शिस्त. मॅडमना एवढं खोलात सांगायची गरज नव्हती. नंबर अस्पष्ट आहे म्हणालो. त्यांनी फोटो मागितला. फोटो सुंदर आलाय.

७ फेब्रुवारी
मॅडम म्हणतात, फोटोत नंबरच नाही. मी म्हणालो, ही गाडी मी नटबोल्टासकट ओळखतो, दुसऱ्या प्रकारचा पाठवा. नक्की का, असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. ग्राहकावर विश्वास नाही, इथेच यांचं घोडं पेंड खातं.

किरकोळ अडचण: आम्ही सगळे अंग चोरून फाटकातून निघतो, सासऱ्यांचं पोट निघत नाही. संध्याकाळी फिरायला जाणं बंद. त्यांचे दोघे मित्र फाटकाबाहेर उभे राहून गप्पा मारतात, तुरुंगात भेटायला आल्यासारखे. ते गेले की सासरे टोपी घालून जीपमध्ये बसतात. स्टिअरिंग धरून.

१२ फेब्रुवारी
कुरियरवाल्याने खोकं फाटकावरून दिलं. हबला पाच भोकं. आपल्याला सहा लागतात. पॅकिंगवाल्याची चूक असणार. मॅडमना फोन केला. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं. चढला. होल्डवर ठेवलं. होल्डची ट्यून बायको हल्ली भाजी चिरताना गुणगुणते. मुद्दाम.

तिसऱ्या प्रकारचा मागवला. यावेळी खात्री आहे.

१९ फेब्रुवारी
तिसरा आला. भोकं सहा, पण घेर लहान. म्हणजे पहिल्या प्रकारचा हवा, हे मला आतून वाटतच होतं. मॅडम म्हणाल्या, पहिल्या प्रकारचे संपले, आता दीड-दोन महिने लागतील. नंबर मिळाला असता तर त्या दिवशी एक शिल्लक होता. हे त्या अगदी हळू बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सासऱ्यांना सांगितलं, कंपनीने फसवलं. त्यांनी जुना हब हातात घेतला. रंग छान बसलाय म्हणाले. मग अंगठा एका जागी फिरवला आणि म्हणाले, इथे नंबर असायचा. मी म्हणालो, असायचा. त्यांनी हब जपून खाली ठेवला. मला जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी, सकाळी
टॅक्सी आली. ट्रंक फाटकावरून गेली. सासरे गेले नाहीत. निम्मे बाहेर, निम्मे आत. टॅक्सीवाल्याने बाहेरून ओढलं, मी आतून ढकललं. शेवटी पुन्हा आत घेतलं. बायको बाहेर गेली आणि टॅक्सीवाला, इस्त्रीवाला, शेजारचे बापलेक अशी चार माणसं घेऊन आली.

तोवर सासरे टोपी घालून जीपमध्ये चढले होते. उतरा म्हटलं, उतरले नाहीत. चौघांनी बंपर धरून पुढची बाजू उचलली आणि जीप मागे नेली. पाच फूट. सासऱ्यांची नजर समोर रस्त्यावर. त्यांनी दोनदा हॉर्न दिला. हॉर्नचं काम मी केलंय.

चासी पिळवटली नाही.

उतरल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, गाडी छान चालली. मला तिथेच रडू आलं. टॅक्सी वळेपर्यंत मी बंपर पुसत होतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
फाटक आता पूर्ण उघडतं. बायकोची कार जीप आणि भिंतीच्या मधे गच्च बसली आहे. कंपनीचा मेसेज आला, आमच्या सेवेला किती स्टार? पाच दिले.

सहा वाजता सासऱ्यांचे दोघे मित्र आले आणि सवयीने फाटकाबाहेरच उभे राहिले. मी म्हणालो, आत या की, आता उघडतं. ते म्हणाले, आता कशाला.