चाव्या दोन दिवस रेश्माकडे

सोम. २ फेब्रु.
तिकीट हातात आलं. हातात म्हणजे फोनात. शुक्रवारी सकाळी मुंबईहून कोलंबो, पुढच्या सोमवारी परत. एकटी. सकाळपासून तीनदा उघडून बघितलं, नाव माझंच आहे.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तितं भात मिळतो का?" मिळतो म्हटलं. "मग जा की." झाली परवानगी. स्वतः येणार नाहीत. "त्या इमानात मला कोंडू नगंस."

गणेशचं म्हणणं, आई ग्रुप टूरनं जा, सोबत होईल. नको रे बाबा. बारा-बारा जणांच्या ग्रुपची उठाठेव मी दर शनिवारी करते. सुट्टी काढून पुन्हा तेच कशाला?

एकोणीस वर्षं झाली. मळवलीत पाच बंगले, मालक मुंबईचे, पाहुणे शनिवार-रविवारचे. शुक्रवारी टाक्या भरा, गाद्या घाला, सोमवारी चादरींचा डोंगर धुवा. दिवाळीत बं. ३ मधल्या एका पाहुणीनं विचारलं, "काकू, तुम्ही वीकेंडला कुठे जाता?" हसले नुसती. तो प्रश्न नाही म्हणजे नाहीच डोक्यातून गेला.

मंगळ. ३
चाव्यांचं काय करायचं? पाच बंगल्यांचा जुडगा माझ्या कमरेला असतो. आंघोळीपुरता सुटतो. आजवर गणेशच्याही हातात दिलेला नाही.

रेश्मा भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्या, द्या की माज्याकडं. दोन दिस तर हायेत."
पटकन म्हणाली. फारच पटकन. सून येऊन दोन वर्षं झाली, कधी जुडग्याकडे बघितलेलं दिसलं नाही. पण बघत असणार. मी नव्हते का माझ्या सासूच्या तिजोरीकडे बघत?

बुध. ४
दिवसभर शिकवणी. बं. २ ची मोटर हवा धरते, मग पाणी चढत नाही, ती कशी काढायची. बं. ५ चा गिझर. कुठल्या कपाटात कुठली चादर. मग नियम. निघताना पाहुण्यांनी चादरींची घडी करून गादीवर ठेवायची, घडीवर चावी. घडीवर चावी दिसली की खोली मोकळी झाली, पुढच्याला द्यायला हरकत नाही. हा नियम मीच बसवलाय. आमच्या पाच बंगल्यांत त्यावरून कधी तक्रार झाली नाही.

सगळं कागदावर लिहून दिलं, दोन पानं. तिनं फोननं फोटो काढला आणि कागद परत दिला. एवढा राग आला.

गुरु. ५
बॅग भरली. दोन साड्या, दोन पंजाबी ड्रेस. ड्रेस मळवलीत घालत नाही, तिकडे कोण ओळखतंय.

खरं लिहायचं तर भीती विमानाची नाही. मी नसताना इथलं सगळं सुरळीत पार पडलं तर? मग एकोणीस वर्षं मी कशाला अडून बसले होते? आणि बिघडलं, तर घरातले म्हणतील बघ, तू गेलीस आणि काय झालं. परत कधी पाऊल उचलायचं नाही मग. दोन्हीतलं मला काय हवंय?
लाज वाटते लिहायला. थोडंसं बिघडावं. मोटर तरी.

शुक्र. ६, कोलंबो
पहाटे गणेशनं मित्राच्या गाडीनं सोडलं. निघताना जुडगा रेश्माच्या हातात दिला. तिनं पदराला हात पुसून घेतला. एवढं बरं केलं.

विमानात खिडकी मिळाली नाही. शेजारचा माणूस चढल्यापासून उतरेपर्यंत झोपला, घोरत. इकडच्या विमानतळावर काचेमागच्या बाईनं विचारलं, कशाला आलात? मी म्हटलं, "हॉलिडे." हा शब्द मी हजार वेळा ऐकलाय, स्वतःसाठी पहिल्यांदा वापरला. तिनं वरसुद्धा बघितलं नाही, शिक्का मारला.

लॉज म्हणजे दोन मजली घर, आठ खोल्या. गणेशनं फोनवरून ठरवलेलं. मालक दुसरीकडे राहतो, सगळं कुसुमा बघते. माझ्याच वयाची. हात जोडून स्वागत केलं. हिंदी मालिका बघून बघून थोडं हिंदी, थोडं इंग्लिश. माझंही तेवढंच. जमलं.
चादर पांढरी स्वच्छ. नळ गळत नाही. बल्ब चालू. बसल्या बसल्या हेच तपासलं. मग स्वतःलाच म्हटलं, शोभा, पुरे.

शनि. ७
आज जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथेच लिहिते.

सकाळी सवयीनं पाचला उठले. आंघोळ केली. बॅग भरून दाराशी ठेवली, पसारा मला सोसत नाही. चादरी काढल्या, चौघडी घातली, गादीच्या मधोमध ठेवल्या, वर चावी. मला कळलंही नाही मी हे करतेय. हातांनीच केलं. पासपोर्टची पर्स घेऊन निघाले.

नाश्त्याला शेवयांसारख्या वाफवलेल्या चकत्या, वर नारळाची लाल चटणी. चटणी झकास. मग रिक्षानं जुन्या बाजारात. एका गल्लीत फक्त कापड, एकीत फक्त भांडी. एवढं शहर बघायला आले आणि दोन तास टॉवेल चाचपत फिरले. जाड होते, आपल्यापेक्षा चांगले. दुपारी भात खाल्ला. लालसर, जाडा. इंद्रायणीची सवय लागलेल्या तोंडाला कसला पटणार? पण पोटभर खाल्ला.

पाचला परत आले तर कुसुमा पायऱ्यांवर उभी. माझी बॅग ऑफिसात. माझ्या खोलीत दुसरं जोडपं.
"मॅडम, बेड फिनिश, की हिअर... आय थिंक यू गो."
आधी डोकं तापलं. तीन रात्री ठरवलेल्या, एका रात्रीत हाकलता? मग लख्ख आठवलं, घडी, वर चावी. तिची काय चूक? माझ्या मळवलीत मीही हेच केलं असतं. तिला सांगायला गेले, मीही हेच काम करते, पाच घरं, चाव्या. दाखवायला हात कमरेला गेला. कमर रिकामी.
"माय मिस्टेक," म्हटलं. तिला पटेना, डोळ्यांत पाणी. मालकाला कळलं तर हिचं काय, हे मला न सांगता समजलं. कोणाला सांगणार नाही म्हटलं.

मागच्या बाजूला एक लहान खोली होती, जादा गाद्या ठेवायची. ती आवरायला घेतली तिनं. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. तिनं माझ्या हातातून सोडवलं. "नो. यू सिट." मी परत धरलं. परत सोडवलं. शेवटी खुर्चीवर बसवलंच मला.
बसले. हात मांडीवर. ती चादर झटकते, कोपरे खोचते, उशी थोपटते आणि मी बघतेय. माझ्यापेक्षा कोपरा छान घालते. मला रडू आलं. कोणी माझी गादी घातली ती गणेशच्या वेळी बाळंतपणात, आईनं. त्यानंतर आज. हे ध्यानात यायला समुद्र ओलांडावा लागला मला.

चहा घेताना तिनं विचारलं, घर कौन देखता? मी म्हटलं, सून. "गुड?" "गुड," म्हटलं मी. दोन वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, आणि ऐकायला रेश्मा नाही.
मी विचारलं, तुझी सुट्टी कधी? हसली नुसती. ते हसणं मी ओळखते.

रवि. ८
सकाळी चादर काढली नाही. हात दोनदा गेला.

तळ्याकाठच्या देवळात गेले, बुद्धाच्या. पांढरे कपडे घातलेली माणसं, ताटात कमळं. स्तूपाभोवती बायका बसून पुटपुटत होत्या. आमच्या भाज्याच्या लेण्यांत एवढे स्तूप, लहानपणी त्यांच्यामागे लपाछपी खेळलो. दगड म्हणूनच बघितले. त्यांच्यापुढे असं कोणी बसत असेल हे कधी मनातच आलं नाही. एका बाईनं तिच्या ताटातलं एक फूल माझ्या हातात दिलं. वाहिलं. काय मागायचं ते सुचेना, काहीच मागितलं नाही.

दुपारी न राहवून घरी फोन केला. "समदं बरंय आत्या. ठिवते, पावनं हाक मारत्यात." तिनं ठेवला फोन. माझ्या आधी.

संध्याकाळी समुद्राकाठच्या मैदानावर. पतंग, पोरंटोरं, कोळंबी लावलेले वडे. सगळं शहर वीकेंडला आल्यासारखं, आणि त्यात मी. कोणाला पाणी द्यायचं नाही, कोणाचं बाळ रडलं तर दूध तापवायचं नाही. पहिला अर्धा तास काय करावं कळेना. मग कळलं की काही करायचं नसतं. वडा तिखट होता, दोन खाल्ले.

सोम. ९
निघताना कुसुमा म्हणाली परत या. तिला मळवलीचा पत्ता लिहून दिला. ती कधी येणार नाही हे दोघींना माहीत. तरी तिनं कागद नीट घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

संध्याकाळी घरी. हे ओट्यावर. "आलीस व्हय? भात कसा हुता?" तेवढंच.
चहासुद्धा न घेता पाची बंगल्यांची फेरी मारली. सगळं जागच्या जागी. बं. २ ची मोटर शनिवारी दुपारी हवा धरून बसली होती म्हणे, पाहुणे आंघोळीला निघालेले असताना. रेश्मा म्हणाली, "बंद केली, वरनं पानी वतलं, झाली चालू."
"फोन का नाही केलास?"
"तुमी सुट्टीवर हुता न्हवं."
बं. ४ च्या मागे दोरीवर एक टॉवेल राहिलेला सापडला. बरं वाटलं मला. मग स्वतःचीच कीव आली.
जुडगा तिनं न मागता आणून दिला, मी चप्पल काढायच्या आत.

बुध. ११
मॅडमचा फोन. बं. १ त्यांचा, बाकीचे चारही मालक त्यांचंच ऐकतात. "शोभा, गेस्ट फार खूश होते. यापुढे शनिवार-रविवार रेश्मालाच बघू दे ना, तुलाही जरा आराम. शुक्रवारपर्यंत सांग, चौदा तारखेला सगळं फुल आहे."
आराम. जेवण गेलं नाही. चांगलंच बोलल्या त्या, तरी लागलं.
ह्यांना विचारलं. म्हणाले, "तुला काय पायजे?" लग्नाला तीस वर्षं होतील. हा प्रश्न नवा आहे.

गुरु. १२
ठरलं. द्यायच्या. रेश्मानं काम नीट केलंय, आणि मला मन मोठं करायला पाहिजे. शनिवारी मी काय करीन ते माहीत नाही. लोणावळ्याला बहिणीकडे जाईन. किंवा नुसती बसेन. बसायला येतं आता थोडं.
जुडगा चिंचेनं घासला, चकाकतोय. रडत रडत घासला, खोटं कशाला लिहू.

शुक्र. १३
दुपारी तीनला रेश्माला समोर बसवलं. जुडगा टेबलावर ठेवला. म्हटलं, आजपासून तुझा. मॅडमलाही सांगते.
तिनं हात लावला नाही.
"आत्या, मला नगं."
मला वाटलं मान ठेवतेय. म्हटलं, अगं घे, मी मनापासून देतेय.
"तसं न्हाई. दोन दिस बरं वाटलं, तुमी येनार हुता म्हून. दर शनवारी मला न्हाई जमायचं. मला बी शनवार पायजे."
"कशाला पाहिजे?"
"ते आजून ठरवलं न्हाई. पर पायजे."

आधी संताप. एवढं मन मोठं करून द्यायला जावं आणि हिनं नगं म्हणावं! मग तिच्याकडे बघितलं. चोवीस वर्षांची, घाबरलेली, पण उठून गेली नाही. तिच्या वयात मला हे बोलता आलं नाही. असं बोलायचं असतं हेच माहीत नव्हतं. सासूनं मला काम सांगितलं, मी कमरेला बांधलं, आणि समजत राहिले की सगळ्यांचा डोळा त्यावर आहे.

"मग मॅडमला काय सांगू?" मी विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात गेटवर पाहुण्यांच्या पहिल्या गाडीचा हॉर्न. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. दुसऱ्यांदा हॉर्न. शेवटी ह्यांनी ओट्यावरून उठून गेट उघडलं, "कुनी हाय का न्हाई घरात?" करत.

आजच्या गाद्या दोघींनी मिळून घातल्या. मॅडमचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. रेश्मा आत पीठ मळतेय. चाव्या टेबलावरच आहेत. उद्या शनिवार.