भात्याचे भोक व कडेचा ठिपका यांची वाटणी

मी, खाली सही करणारा, धंद्याने फोटोग्राफर, वयाने ना तरुण ना म्हातारा, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. तसा दाखला डॉक्टरांकडून घेऊन सोबत जोडला आहे, कारण नातेवाइकांचा माझ्या शब्दावर भरवसा नाही. प्रकृती ठणठणीत आहे. तरी आज लिहायला बसलो, कारण गेल्या आठवड्यात धाकटे बंधू माझे मृत्युपत्र स्वतःच टाइप करून घेऊन आले. सही कुठे करायची तेही त्यांनी पेन्सिलीने फुली मारून दाखवले. त्यात माझा मोठा कॅमेरा, सगळ्या निगेटिव्ह आणि फोटोंचे सर्व हक्क त्यांच्या नावे होते. मी तो कागद फाडला नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावरच हे लिहीत आहे.

कलम १. स्टुडिओ आणि वरच्या दोन खोल्या माझ्या पत्नीस. मोरीत मी फोटो धुतले आणि तिने भांडी; आधी कोणाचे, यावरून झालेले भांडण तिने जिंकले, म्हणून मोरी तर आधीपासूनच तिची आहे. बँकेतली शिल्लकही तिचीच. ती तिने साठवली, मी फक्त आड आलो नाही.

कलम २. पासपोर्ट फोटोचे दिवे आणि निळा पडदा विकून टाकावेत. या पडद्यापुढे मी आख्ख्या गावाला 'हसू नका' म्हणून सांगितले आणि गावाने ते मनावर घेतले. स्टूल शेजारच्या चष्मेवाल्यांस द्यायचे होते. ते रोज दुपारी त्यावर बसून माझी गिऱ्हाइके अडवतात. पण साक्षीदाराला वारसा चालत नाही असे वकील म्हणाले, म्हणून स्टूल आजच देऊन टाकले. ते अजून त्यावरच, माझ्याच दुकानात बसले आहेत.

कलम ३. आता मोठा कॅमेरा. सुट्टीच्या दिवशी हा खांद्यावर टाकून मी तळ्याकाठी जात असे. याच्या पुढे भिंग, मागे फिल्म आणि मधे घड्यांची कातडी पिशवी, तिला भाता म्हणतात. एकदा भात्याच्या घडीला भोक पडले आणि तळ्याच्या फोटोवर उजेडाचा एक तिरपा पट्टा उतरला. मी तो फोटो रद्दीत टाकला. धाकट्याने रद्दीतून काढला आणि त्याला साक्षात्कार झाला.

मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. तो म्हणाला, "दादा, तू फार नम्र आहेस." मी म्हणालो, "नम्र नाही रे, भाता फाटलाय." हे वाक्य तो आता आपल्या शिबिरांत माझ्या विनयाचा दाखला म्हणून सांगतो.

शिबिरे कृतज्ञतेची असतात. लोक चटईवर बसून भोकातून आलेल्या उजेडाचे आभार मानतात. भिंतीवर बंधूंनी काढलेले, माझ्या फोटोंचे कॅलेंडर असते. शेवटच्या पानावर 'श्वास घ्या' असे छापले आहे. तोवरचे अकरा महिने लोकांनी कसे काढले, कोण जाणे.

यातले काहीच मला खुपले नसते. पोट कोणाला नाही? खुपले ते निराळे. माझ्या प्रत्येक फोटोत पलीकडच्या काठावर, कडेला, मोहरीएवढा एक ठिपका आहे. ती माझी पत्नी. माणूस उभा असल्याशिवाय डोंगर केवढा ते कळत नाही, म्हणून मी तिला तिथे पाठवत असे. कॅलेंडरात ती कुठेच नाही. बंधूंनी प्रत्येक फोटोची कड कापली. विचारले तर म्हणाले, "वहिनींमुळे शांतता भंगते."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तर तोंडही उघडलं नव्हतं, भावजी."

म्हणून, कलम ४. भाता मी नवा बसवून घेतला आहे. जुना भाता, भोकासकट, धाकट्या बंधूंस. त्यांची सगळी मिळकत त्या भोकातून आली आहे. ते त्यांचेच आहे. कॅमेरा पत्नीस. तिने तो विकावा, ठेवावा, किंवा त्याच्या तीन पायांच्या तिवईवर ओल्या छत्र्या वाळत घालाव्यात.

कलम ५. निगेटिव्हही पत्नीस. त्यांतला कुठलाही फोटो कोणी छापल्यास कडेच्या ठिपक्यासकट छापावा. ज्यांची शांतता भंगेल त्यांनी निळा पडदा विकत घ्यावा.

कलम ६. श्रद्धेबद्दल. बंधू लोकांना सांगतात की दादाला तळ्याकाठी श्रद्धा गवसली. गवसली, हे खरे. पण पट्ट्यात नाही. काळ्या कापडाखाली डोके घातले की मागच्या काचेवर सगळे उलटे दिसते: तळे वर, आभाळ खाली आणि माझी बायको पाय वर करून लटकलेली. वारा सुटे, ढग येत, मी उजेडाची वाट पाहत कुथत बसे, आणि ती तिथून हलत नसे. फोटो झाला की मी कापडातून बाहेर येऊन हात वर करायचा, मग तिने निघायचे, असे ठरलेले होते. ती हलणार नाही, यावर माझा जेवढा विश्वास होता तेवढा दुसऱ्या कशावरही कधी बसला नाही. आभार मी ढगांचे मानत असे. वशिला चुकीच्या ठिकाणी लावला.

हे कलम आत्ताच तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तिथून तुम्हीसुद्धा ठिपकाच दिसायचात. काळं कापड नुसतं. वाटायचं, आत माणूस आहे ना, की गेला निघून? हात वर झाला की जिवात जीव यायचा."

इतक्या वर्षांत मी हे एकदाही विचारले नव्हते.

कलम ७. मी गेल्यावर पत्नीने हौसेने, सवयीने किंवा बंधूंच्या शिबिराबरोबर तळ्याच्या त्या काठावर जाऊन उभे राहू नये. हात वर होणार नाही. आणि ती मात्र थांबून राहील, हे मला ठाऊक आहे.

कोणाचेही दडपण नसताना, चष्मेवाल्यांची बडबड वगळता, वाचून सही केली.

लिहून देणार: (सही) फोटोग्राफर
साक्षीदार: (सही) शेजारचे चष्मेवाले, स्टुलावरून
साक्षीदार: (सही) वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई
ठिकाण: स्टुडिओ, निळ्या पडद्यापुढे
दिनांक: सुट्टीचा दिवस, आकडा वकिलांनी घालावा. आम्ही दोघे तळ्यावर निघालो आहोत. आज काठावर मी उभा राहणार आहे.