मुक्या मशीनचा बिगुल

२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त बाबांचं दुकानातलं पिनबॉलच्या खेळाचं जुनं मशीन मुकं झालंय. दिवे लागतात, गोळी धावते, आकडे फिरतात, पण आवाजाच्या नावाने बोंब.

नजर धूसर झाल्यापासून बाबा कानांनी खेळतात, हे तुला ठाऊकच आहे. डावीकडे घंटा, वर किणकिण, त्यावरून गोळी कुठे ते त्यांना कळतं. शिवणयंत्र सुटलं, पेपर सुटला, एवढंच उरलं होतं. आता दिवसभर दुकानात इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसून असतात. काल एका बाईंना, स्वतःचं माप चुकीचं सांगितलं म्हणून झापलं.

कारागीर म्हणतो, आवाजाचा बोर्ड गेला, भंगारात द्या. तू तीस वर्षं असली मशीनं दुरुस्त केलीस. मी कात्रीशिवाय काही हातात धरलेलं नाही, पण तू सांगशील तसं करीन. बाबांना पुन्हा खेळताना बघायचंय मला.

लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठवावी.

तुझी,
ठकी


७ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

त्या कारागिराला पुन्हा दुकानाची पायरी चढू देऊ नकोस. न तपासता ज्याला कळतं तो कारागीर नव्हे, ज्योतिषी.

आधी मशीनचा प्लग काढ. स्पीकरच्या दोन टोकांना टॉर्चचा सेल क्षणभर टेकव. टक् असं वाजलं तर स्पीकर जिवंत. मग वीज लावून बोर्डाच्या कडेचं छोटं बटण दाब. बोर्डाने आपले आवाज ओळीने म्हणून दाखवले, तर तोही निर्दोष. मग मुख्य बोर्डाकडून त्याला निरोपच पोचत नाही असं समज आणि मधल्या तारांचा कनेक्टर बघ. तारांना हात लावण्याआधी प्लग पुन्हा काढायचा. मला भाची एकच आहे.

माझ्या धाकट्या भावाला म्हणावं, गिऱ्हाइकांवर तोंडसुख घेण्यापेक्षा बहिणीला पत्र लिहवून पाठव.

जपून राहा, हे आशीर्वादातच धर.

तुझी आत्या


१५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सेल टेकवला, टक् झालं. बटण दाबलं, तर बोर्डाने घंटा, किणकिण, गोळी गेल्याचं रडगाणं, मोठ्या बक्षिसाचा बिगुल, सगळं एका दमात ओकलं. बाबा भिंत चाचपत धावत आले. मला तर नाचावंसं वाटलं.

कनेक्टर गंजून हिरवा पडला होता, हात लावताच तारा सुटल्या. नवा आणून रंग बघून तारा जोडल्या. दोन मात्र विटून सारख्याच राखाडी झालेल्या, तिथे अंदाजपंचे काम केलं.

मशीन वाजतंय, आत्या. पण मोठं बक्षीस लागलं की रडतं, आणि गोळी खाली पडून गेली की बिगुल वाजवतं. पहिली गोळी गेली तेव्हा बाबांनी दोन्ही हात वर केले आणि गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मी खरं सांगितलं, तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. आता काय करू?

उत्तर लवकर यावं, हसणं मागाहून चालेल.

तुझी,
ठकी


१९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

हसणं आधी उरकलं. शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

त्या दोन राखाडी तारा उलटसुलट लागल्यात. अदलाबदल कर, पाच मिनिटांचं काम आहे. एवढ्या वर्षांत हा घोटाळा मीही केला नव्हता.

शाबासकी तरीही पुरती दिली आहे, घे.

तुझी आत्या


२६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तारा बदलायला प्लग काढला, तर बाबांनी माझा हातच धरला. त्यांनी आठवडाभरात नवे आवाज पाठ केलेत. मशीन रडलं की मोठं बक्षीस लागलं, असं ते गिऱ्हाइकांना पटवून देतात. काल तासभर खेळले आणि जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

तरी मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, नीट करून टाकते. तेव्हा ते म्हणाले, गेली दोन वर्षं एकेक गोष्ट हातातून सुटतेय आणि प्रत्येक वेळी सगळे नुसते हळहळतात. काही हातातून गेल्यावर बिगुल वाजवणारं हे एकटंच आहे, त्याला हात लावू नकोस.

मी झाकण लावून टाकलं.

लोभ असावा, आणि इथे आलीस तर तूही त्या तारांना हात लावू नयेस.

तुझी,
ठकी