अकरा एप्रिलचं ताट

आईस, कुरेहून शिझुएचा नमस्कार.

माझा खोकला आता बराच कमी आहे, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत?

काल इगाराशी भेटले. आपल्या तामोत्सुच्या युद्धनौकेवरून जे थोडे वाचले, त्यांतले एक. मी त्याची बहीण म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, "आई अजून ताट वाढून ठेवते का?"

लांब गेलेल्या लेकासाठी तू रोज दुपारी ताट वाढतेस, हे त्या नौकेवर सगळ्यांना ठाऊक होतं. जेवायला बसला की तामोत्सु सांगायचा, आज घरी माझ्या ताटात मुळा आहे, आज मासा आहे. "आम्ही म्हणायचो, गप रे, आई तुला रोज तार करते का?"

नौका बुडाली त्या अकरा एप्रिलला तो म्हणाला होता, "आज बांबूचे कोवळे कोंब." सगळे हसले होते.

"सहा वर्षं डोक्यात आहे," इगाराशी म्हणाले. "बरोबर होतं का, तेवढं विचारा."

मी तेव्हा कारखान्यात होते, मला माहीत नाही. आता ताट बंद कर, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते मनावर घेऊ नकोस.

त्या दुपारी काय वाढलं होतंस? कोंब नसले, तरी खरं तेच लिही.

तुझी,
शिझुए